एका रात्रीत दीड किलो चरबी चढत नाही

आठवडाभर ताटात मोजून एक भाकरी, गोड बंद, संध्याकाळी मेहरूण तलावाभोवती फेरी. रविवारी रात्री मात्र पाहुण्यांबरोबर शेवभाजी, वर दोन पापड. सोमवारी सकाळी काट्यावर पाय ठेवला तर आकडा शनिवारपेक्षा दीड किलोनं पुढं. जळगाव असो की धुळे, वजन कमी करायला निघालेल्या जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला असा सोमवार येतो. मग दोनपैकी एक गोष्ट होते. ‘एवढं करूनही वाढायचंच असेल तर कशाला जीव जाळायचा’ म्हणून माणूस डाएट सोडतो, नाहीतर प्रायश्चित्त म्हणून दिवसभर उपाशी राहतो आणि रात्री दुप्पट जेवतो. नुकसान होतं ते या दोन निर्णयांनी, रविवारच्या शेवभाजीनं फारसं होत नाही. काट्यावरचा आकडा नीट वाचता आला, तर दोन्ही टाळता येतात.

आधी साधा हिशेब

अंगावर १ किलो चरबी चढायला शरीराच्या गरजेपेक्षा साधारण ७,७०० कॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात. दीड किलोसाठी साडेअकरा हजार. बेताची हालचाल असलेल्या माणसाला दिवसाला २,००० कॅलरी लागतात असं धरलं, तर रोजच्या जेवणावर आणखी पाच-सहा दिवसांचं अन्न एका रात्रीत रिचवल्यासारखं झालं. ते कुणालाच शक्य नाही. हात सैल सोडून जेवलात आणि गरजेपेक्षा १,००० कॅलरी जास्त गेल्या, तरी चरबी वाढेल ती फार तर १३० ग्रॅम. काट्यावर दिसलेल्या दीड किलोतला उरलेला ऐवज वेगळाच असतो.

हाच हिशेब उलटाही लागू पडतो. रोज ५०० कॅलरी कमी खाल्ल्या, तर दिवसाला जेमतेम ६५ ग्रॅम चरबी उतरते. वजनात मात्र कुठल्याही निरोगी माणसाच्या बाबतीत दिवसभरात किलो-दोन किलोचा चढउतार होतच असतो. म्हणजे ६५ ग्रॅमचा खरा फायदा दोन किलोंच्या हेलकाव्यात बुडून जातो. तो आहेच, पण एका दिवसात दिसत नाही. पुढं सांगितलेली सगळी पथ्यं या एका गोष्टीतून निघतात.

काटा काय मोजतो

कापूस विकणाऱ्या खान्देशी शेतकऱ्याला हे वेगळं समजवायला नको. खरेदी केंद्रावर कापूस काट्यावर चढण्याआधी त्यात ओलावा किती ते पाहतात. ८ टक्क्यांपर्यंत ठीक, त्यापुढं भावात कपात, आणि १२ टक्क्यांवर गेला तर माल परत. कारण काट्याला रुई आणि पाणी यांतला फरक कळत नाही. आपल्या शरीराचंही तसंच आहे. प्रौढ माणसाच्या वजनातला ५० ते ६० टक्के भाग पाणी असतो, म्हणजे ७० किलोच्या माणसात ३५ ते ४२ लिटर. त्यात एक-दोन लिटर इकडचं तिकडं झालं, तरी आकडा हलतो. पोटात असलेलं अन्न, आतड्यातला मळ, मूत्राशयातली लघवी यांचंही वजन त्यातच मोजलं जातं. अर्धा लिटर पाणी पिऊन लगेच काट्यावर उभं राहिलात, तर अर्धा किलो वाढलेलाच दिसणार.

आता हे पाणी का वाढतं आणि का घटतं, ते आपल्याच ताटातून आणि आपल्याच ऋतूंतून पाहू.

मीठ: शेव, पापड आणि ठेचा

रक्ताचा आणि शरीरातल्या द्रवाचा खारटपणा शरीर ठरावीक पातळीवर राखून ठेवतं. जास्तीचं मीठ पोटात गेलं की तहान लागते, पाणी प्यायलं जातं, आणि मूत्रपिंडं ते मीठ बाहेर टाकेपर्यंत पाणी शरीरातच थांबतं. ९ ग्रॅम जास्तीच्या मिठामागं सुमारे १ लिटर पाणी, असं हे प्रमाण आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला एकूण ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. शेवभाजीच्या एका जेवणात रश्श्याचं मीठ, शेवेतलं मीठ, पापड-बिबड्यातलं मीठ आणि पापडखार, ठेचा, लोणचं असं सगळं एकत्र आलं, की ही मर्यादा एका बैठकीतच मागं पडते. दुसऱ्या दिवशी अंगठी घट्ट वाटते, डोळ्यांखाली फुगल्यासारखं दिसतं, काटा वर जातो. मीठ कमी असलेलं नेहमीचं जेवण सुरू झालं, की दोन-तीन दिवसांत ते पाणी लघवीवाटे उतरतं.

भाकरी, बट्टी, आमरस: साठवणीचं पाणी

पिठूळ आणि गोड पदार्थांतली साखर शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपानं साठवतं. ही साठवण साधारण ४०० ते ५०० ग्रॅमची असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी बांधलं जातं. कोठार पूर्ण भरलं की दीड-दोन किलो आणि रिकामं झालं की तेवढंच कमी.

कुठलंही डाएट पहिल्या आठवड्यात एवढा चमत्कार का दाखवतं, याचं उत्तर इथं आहे. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रभर पोचवलेली ‘दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत’ ही जेवणाची पद्धत घ्या, भाकरी-भात कमी करण्याची पद्धत घ्या किंवा नवरात्राचे नऊ दिवसांचे उपास घ्या. खाणं घटलं की आधी हे कोठार उपसलं जातं आणि त्याबरोबरचं पाणी निघून जातं. पहिल्या आठवड्यात गेलेल्या दोन-तीन किलोंत चरबीचा वाटा लहान असतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वेग मंदावला, म्हणजे पद्धत फसली असं नाही. पाण्याचा हप्ता संपला आणि चरबीचं खरं काम सुरू झालं, एवढाच त्याचा अर्थ.

आखाजीला याच्या उलट घडतं. खापरावरचे मांडे, वाटीमागून वाटी आमरस, माहेरपणाला आलेल्या लेकीबाळींबरोबर दोन दिवस निवांत जेवणं. रिकामं कोठार एका दिवसात भरतं आणि पाणीही परत येतं. वरण-बट्टीच्या पंगतीनंतरही तेच. वाढलेल्या आकड्यात त्या दिवसाची चरबीही थोडी असेल, पण बहुतेक भाग परतलेल्या पाण्याचा असतो.

उपासाच्या दिवशीची आणखी एक गंमत लक्षात ठेवावी. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याचे वेफर्स असा एकादशीचा उपास नेहमीच्या जेवणाहून जड पडतो. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत ५६० च्या वर कॅलरी असतात. ‘उपास करूनही वजन वाढलं’ ही तक्रार अनेकदा खरी असते, आणि तिचं कारण त्या ताटातच असतं.

भरिताची पार्टी आणि पोट साफ नसणं

हिवाळ्यात बामणोदची वांगी आली, की शेतात भरिताचा बेत ठरतो. काड्यांवर भाजलेलं वांगं तसं हलकंच. वजन वाढवतं ते त्यात पडणारं तेल आणि शेंगदाणे. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी. सोबतच्या कळण्याच्या भाकरीत मात्र भरपूर तंतू असतात. तंतुमय अन्न आतड्यात पाणी धरून ठेवतं, म्हणून एक-दोन दिवस पोट भरलेलं राहतं आणि काटाही थोडा वर राहतो. हे वाईट लक्षण नाही, तंतू हवेतच. उलट डाएट म्हणून भाकरी आणि भाज्या दोन्ही तोडल्या, पाणी कमी प्यायलं, तर बद्धकोष्ठ होतं आणि तीन दिवस पोट साफ न झाल्याचं वजन काट्यावर दिसतं. त्यावर उपाय म्हणजे पाणी, पालेभाजी, दादर किंवा बाजरीची भाकरी आणि चालणं. रेचक घेऊन उतरवलेलं वजन पाण्याचंच असतं आणि ती सवय आतड्याला महागात पडते.

महिन्याचा हेलकावा

पाळीच्या आधीच्या आठवड्यात संप्रेरकांमुळं शरीर पाणी धरतं. अनेक स्त्रियांचं वजन तेव्हा अर्धा ते दोन किलोंनी वाढतं आणि पाळी सुरू झाल्यावर काही दिवसांत उतरतं. अशा वेळी या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी केली, तर चुकीचं उत्तर मिळतं. पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यातलं वजन मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी ताडून पाहावं. नवरा-बायकोनं एकाच दिवशी डाएट सुरू केलं, त्याचं भराभर उतरतंय आणि तिचं अडलंय असं दिसतं, त्यातही या हेलकाव्याचा मोठा हात असतो. घरात त्यावरून टोमणे मारू नयेत.

चालून आल्यावर वजन वाढलं?

चैत्रात खान्देशातून हजारो भाविक सप्तशृंगगडाला पायी जातात. मुक्ताईनगरची पालखी महिनाभर चालून पंढरपुरी पोचते. एवढी पायपीट करून परतलेल्या माणसाचं वजन दुसऱ्या दिवशी वाढलेलं निघालं, तर त्याला धक्का बसतो. सवय नसलेल्या श्रमानं स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. त्या भरून काढताना तिथं द्रव साचतो आणि म्हणूनच पोटऱ्या ठणकतात. तासन् तास उभं राहून, चालून पावलांवर सूज येते. शिवाय वाटेत ठिकठिकाणी मिळालेला प्रसाद आणि फराळ असतोच. व्यायामशाळेत नव्यानं जाऊ लागलेल्यांचंही पहिले दोन-तीन आठवडे असंच होतं. ठणक गेली की पाणीही जातं. व्यायाम सुरू केल्या केल्या वजन वाढलं म्हणून तो थांबवणं, हा त्यातला सगळ्यात वाईट निर्णय.

मे महिन्याचा खोटा आनंद

जळगाव, भुसावळ, धुळ्याला मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्या उन्हात कष्टाचं काम करणाऱ्याच्या अंगातून तासाला लिटरभर किंवा अधिक घाम निघतो. संध्याकाळी काट्यावर उभं राहिलं, तर दीड-दोन किलो उतरलेले. ती चरबी नव्हे, घाम. पाणी प्यायलं की भरून येणार, आणि भरून यायलाच हवं.

घाम दिसत नाही तेव्हाही त्वचेतून आणि श्वासातून पाणी जातच असतं. इटलीतल्या पाडुआचे वैद्य सांतोरिओ सांतोरिओ यांनी तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून सुमारे ३० वर्षं स्वतःचं, खाण्यापिण्याचं आणि मलमूत्राचं वजन केलं आणि १६१४ साली त्यावर ग्रंथ लिहिला. खाल्लेल्यातला मोठा भाग दिसत नसलेल्या वाटेनं बाहेर पडतो, हे त्यांना तराजूनं दाखवलं. रात्री झोपतानाच्या वजनापेक्षा सकाळचं वजन कमी भरतं, त्यामागं लघवीच्या जोडीला हीच वाट असते.

आकडा खाली दिसावा म्हणून उन्हाळ्यात पाणी कमी पिऊ नका. आपल्याकडच्या उन्हात त्यातून उष्माघात आणि मुतखडा ओढवू शकतो. प्लास्टिकचा पट्टा गुंडाळून घाम काढणं किंवा जाड कपडे घालून दुपारी पळणं, यांतून चरबी जात नाही.

काट्यावर कसं उभं राहावं

१. वेळ एकच ठेवा. सकाळी उठून, शौचाला जाऊन आल्यावर, चहापाण्याच्या आधी. रमजानच्या रोज्यांत पहाटेचं वजन संध्याकाळच्या वजनाशी ताडू नका. रोज एकच वेळ धरा.

२. कपडे हलके आणि रोज सारखे. खिशात मोबाइल नको.

३. काटा एकाच जागी, कडक आणि सपाट फरशीवर ठेवा. गादी, सतरंजी किंवा उंचसखल शहाबादी चालणार नाही.

४. घरचा काटा, दवाखान्यातला काटा आणि रेल्वे स्टेशनवरचं यंत्र यांची आपसात तुलना करू नका. एकच काटा शेवटपर्यंत वापरा. तो अर्धा किलो चुकत असेल तरी चालेल, कारण आपल्याला फरक पाहायचा आहे.

५. चरबीचे, स्नायूंचे टक्के दाखवणारे घरगुती काटे पावलांतून सौम्य वीज सोडून अंदाज बांधतात. शरीरातलं पाणी बदललं की त्यांचे टक्केही बदलतात. त्यावर भिस्त ठेवू नका.

६. आठवड्यातून एकदा टेपनं कंबर मोजा, बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, टेप न आवळता. भारतीयांसाठी पुरुषांची ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात. काटा अडलेला असताना कंबर उतरत असेल, तर काम बरोबर चाललं आहे.

सरासरीची वही

रोजचं वजन वहीत लिहा आणि दर रविवारी सात दिवसांची सरासरी काढा. समजा एकाचं पहिल्या आठवड्यातलं वजन असं आहे: ७८.२, ७८.६, ७७.९, ७८.०, ७९.१, ७८.७, ७८.१. दुसऱ्या आठवड्यातलं असं: ७७.८, ७७.६, ७८.३, ७७.९, ७७.५, ७८.८, ७८.०.

दुसऱ्या आठवड्याच्या सहाव्या दिवशी काटा ७८.८ दाखवतो. सुरुवातीच्या ७८.२ पेक्षाही जास्त. हा माणूस त्या दिवशी हताश होऊन सगळं सोडून देईल. पण सरासरी काढली, तर पहिला आठवडा ७८.४ आणि दुसरा ७८.०. म्हणजे ४०० ग्रॅम उतरले आहेत, आणि हा वेग चांगला आहे. आठवड्याला अर्धा किलो म्हणजे महिन्याला दोन किलो, सहा महिन्यांत डझनभर.

रोज आकडा पाहून ज्यांच्या जिवाला घोर लागतो, त्यांनी आठवड्यातला एक वार ठरवावा. बुधवार किंवा गुरुवार बरा, कारण सोमवारच्या आकड्यात सुटीच्या दिवसाचं मीठ आणि गोड उतरलेलं असतं. अशांनी मग चार आठवड्यांचे आकडे झाल्याशिवाय मत बनवू नये.

पंगतीनंतरचे तीन दिवस

लग्नसराईत पंगत चुकत नाही, आणि चुकवायचं कारणही नाही. दुसऱ्या दिवशी उपास करू नका. नेहमीच्या वेळी, नेहमीचं डाएटचं जेवण घ्या. पापड, लोणचं, शेव, वेफर्स तीन दिवस बाजूला ठेवा. पाणी नेहमीइतकं प्या. ताक प्यायचं तर मीठ न घालता. जेवणानंतर अर्धा तास चाला. आपल्याकडं पिकणारं केळं एखादं जरूर खावं. त्यातलं पोटॅशियम जास्तीचं मीठ बाहेर टाकायला मदत करतं आणि १०० ग्रॅम केळ्यात कॅलरी ९० च्या आसपासच असतात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र केळी आणि ‘कमी सोडियमचं मीठ’ दोन्ही डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. चौथ्या दिवशी वजन करा. बहुतेकांचा आकडा पंगतीआधीच्या जवळपास आलेला असेल.

खरंच अडलं असेल तर

सलग चार आठवडे सरासरी जागची हलली नाही आणि कंबरही उतरली नाही, तर मात्र पाण्याला दोष देऊन चालणार नाही. वजन उतरलं की शरीराची गरजही घटते. ८५ किलोला पुरं पडलेलं डाएट ७५ किलोला जास्त होतं. अशा वेळी आधी तेल मोजा. घरात महिन्याला किती तेल लागतं आणि खाणारी माणसं किती, एवढा भागाकार पुरे. मग फोडणीची तर्री, कुटाचे शेंगदाणे, चहातली साखर, येता-जाता तोंडात टाकलेली शेव आणि केळीचे वेफर्स आठवून लिहा. ताटात डाळ, मूग, मठ, अंडी, दूध-दही यांतली प्रथिनं पुरेशी आहेत ना ते पाहा, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. झोप सहा तासांहून कमी असेल, तर भूक वाढते. आधी ती सुधारा.

डॉक्टरांकडे कधी जावं

हेलकावे बहुतेकदा निरुपद्रवी असले, तरी पुढच्या गोष्टींत घरगुती हिशेब करत बसू नये.

हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांचं वजन एका दिवसात १ किलोहून किंवा आठवड्यात २ किलोंहून जास्त वाढलं, पायांवर बोट दाबल्यावर खळगा राहू लागला, आडवं झाल्यावर धाप लागू लागली, तर त्याच दिवशी दाखवा. हा विकार माहीत नसला, तरी सूज आणि धाप एकत्र आली तर थांबू नका.

काही न करता सहा महिने-वर्षभरात वजनाच्या ५ टक्क्यांहून अधिक घट झाली, तर आनंद मानू नका. मधुमेह, क्षयरोग, थायरॉइड, कर्करोग यांपैकी काही आहे का, ते तपासून घ्या.

थकवा, थंडी सहन न होणं, केस गळणं यांबरोबर वजन वाढत असेल, तर थायरॉइडची तपासणी करून घ्या. स्टेरॉइड आणि इतर काही औषधांनीही वजन वाढतं. ती मनानं बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना जेवण एकदम घटवलं, तर साखर किंवा दाब धोकादायक खाली जाऊ शकतो. डाएट सुरू करण्याआधीच गोळ्यांची मात्रा विचारून घ्या.

गरोदरपणात वजन कमी करण्याचं डाएट करू नये. एकाएकी वजन वाढून चेहरा-हात सुजले, डोकं दुखलं, नजर धूसर झाली, तर लगेच दवाखाना गाठा.

धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे आणि जळगावातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दोन्हीकडं बाह्यरुग्ण विभागात दाखवता येतं. जाताना वजनाची वही बरोबर न्या. डॉक्टरांना तुमच्या अंदाजापेक्षा तारखांसह लिहिलेले आकडे जास्त उपयोगी पडतात.

बाकीच्यांनी एवढं ठरवून टाकावं: एका दिवसाच्या आकड्यावर जेवण बदलायचं नाही, उपासही करायचा नाही आणि डाएटही सोडायचं नाही. निर्णय घ्यायचा तो चार आठवड्यांच्या सरासरीवर आणि कंबरेच्या टेपवर. आजच एक वही घ्या आणि उद्या सकाळचा आकडा, तो कितीही असो, तारखेसह लिहून सुरुवात करा.